राणी खालीच राहिली

अमरावती, चैत्र शुद्ध पंचमी, शके १७८६

प्रिय पुंजाराम,

जिंकलो गड्या! राणीमाशी पेटीच्या खालच्या मजल्यावरच राहिली आणि वर निव्वळ मध भरला. अकोल्यात कापसाच्या गंजीवर बसून हे वाचत असशील, तर आधी खाली उतर. आनंदानं घसरशील.

दोन वर्षं झाली. तू पोळं पिळलंस, मधाबरोबर माश्यांची पांढरी पिल्लं चिरडून आली आणि तुझ्या आईनं, मनकर्णाकाकूनं, वाटी अंगणात भिरकावली. "लेकरं पिळून गोड खातं काय रे? असला मध या घरात येनार नाही!" तूही तिचाच लेक. "बिनपिल्लांचा मध घेऊनच उंबरठा चढीन," म्हणून निघालास, तो निघालासच. तुझ्या पेट्या माझ्या मळ्यात राहिल्या. कापसानं इथं सगळ्यांना वेड लावलंय, मला मात्र तुझ्या माश्यांनी लावलं.

पेटीला दोन मजले केलेस, खाली पिल्लं नि वर मध, ते बरोबरच होतं; चुकली ती मधली जाळी. ज्वारीच्या चाळणीतून राणी खुशाल वर जाई आणि मधाच्या घरांत अंडी घाली. तिळाची चाळणी लावली, तर कामकरी माश्याच अडकून मेल्या. एकदा सरकी काढायच्या चरखीजवळ बसलो होतो. रुई पलीकडे जात होती, सरकी अलीकडे राहत होती. म्हटलं, आपल्यालाही हेच तर हवंय! बांबूच्या कामट्या तासून फटी ठेवल्या. तरी राणी निसटली. तुझ्यासारखंच मीही तिच्या पोटाचं माप धरलं होतं. पण पोट दबतं गड्या, छाती दबत नाही. मग मेलेली राणी आणि मेलेली कामकरी माशी शेजारी ठेवली, दोघींच्या छातीची जाडी मोजली आणि कामकरी जाईल पण राणी अडेल एवढी फट ठरवली.

रोज वरच्या मजल्याला कान लावायचो. पिल्लं असली की आवाज दाट, घोंगावता येतो. या खेपेला नुसती पातळ सळसळ. उघडलं, तर सगळी घरं मधाची!

पोळं न पिळता तसंच काकूपुढे ठेवलं. तिनं उन्हात धरून सुईनं एकेक घर टोचलं. शेवटी बोट चाटलं. मग दुसरंही. म्हणाली, "त्याले मी बोलावून नाही राहिली, सांगून ठेवते. पन रोज दोन भाकरी जास्तीच्या थापून राहिली, अन् गायीले घालून राहिली."

पत्र धाडतोय ते एवढ्यासाठी. दुसरी पेटी भरली आहे. तिला मी हात लावलेला नाही. ती तू येऊन उघड, पोळं तुझ्या हातानं आत ने. तुझा शब्दही राहील, तिचाही. गाय फार माजली आहे, लवकर ये.

तुझाच, कान टवकारून वाट पाहणारा,
गोवर्धन