शिसवी मूठ

तीर्थरूप बाबांना रागावलेल्या सुकन्येचा नमस्कार.

आम्ही इकडे अमेरिकेत, वाल्डॉर्फला मजेत आहोत, तुमच्या नातीचा, अन्वीचा खोकलाही गेला. सिनेमातली जुनी रिव्हॉल्व्हर जमवायचा ह्यांचा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. काल लिलावात ह्यांनी एक हातात घेतलं आणि मी किंचाळलेच. तुमच्या स्टुडिओतलं! तुम्ही घडवलेल्या शिसवी मुठीवर माझ्या दुधाच्या दातांच्या खुणा अजून आहेत.

कॅटलॉगमध्ये हीरोचं नाव ठळक, आणि मुठीपुढे ‘कारागीर अज्ञात’! मी भांडले, तर लिलाववाले म्हणाले, पुरावा द्या. कुठून देऊ? जन्मभर तुमचं एकच, “आपलं काय, स्टुडिओचं नाव होतंय ना!”

आईचे गुडघे कसे आहेत?

‘ही मूठ मी घडवली’ असं लिहून, सही करून पाठवा. खाली स्टुडिओचं नाव घातलंत, तर फाडून परत पाठवीन.

रागात, पण तुमचीच,
सुकन्या