नानचा एक घास

मोही,

तुर्कस्तानच्या सहलीचं ठरवायला तुझा गट घरी येतोय, म्हणून मी शेजारी हालिमाकडे बसते. पुलाव कढईत झाकलाय. तू शिकवलेल्या नव्या लॅटिन लिपीत लिहिलंय, चुका काढत बसू नकोस.

निघताना नानचा एक घास घ्यायचा, उरलेला नान मी भिंतीवर टांगेन. परत येऊन तो तूच संपवायचा. काल तुझी मैत्रीण झेबो हसली, "आजी, आठवडाभरासाठी कसला नान टांगताय?" तिला सांग, मी लहान असताना माझे बाबाही रशियाला एका हंगामापुरतेच गेले होते. त्यांचा नान अजून भिंतीवरच आहे; तो झटकू नकोस, कडा झडायला लागल्यात.

तुझा घास कितीही लहान घे. उरलेलं मला एकटीला चाववत नाही.

— आजी