कलम ३५३चा पत्रा

शाहूपुरी, कोल्हापूर
ता. ९ ऑगस्ट २००४

आदरणीय आकाराममामा,

सविनय जय भीम. तुमची तब्येत आणि मामींची कंबर बरी असावी. इकडे सगळे ठीक, म्हणजे माझ्या डोक्याला पाच टाके आहेत, पण ते मी सांगून बारीक धाग्याने घालून घेतलेत (अठरा वर्षं नर्स असण्याचा एवढाच फायदा झाला). केस मागे घे, गावात वाईटपणा नको, असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगते.

त्या सोमवारी साप चावलेल्या विठाबाईंपाशी डॉक्टर आत अडकले होते (बाई वाचल्या, परवा घरी जाताना दवाखान्याची चादरही घेऊन गेल्या). तेवढ्यात तुमच्या गल्लीतले पिराजी स्कूटरवरून पडून आले. गुडघा खरचटलेला, सोबत बावीस माणसं. मी थांबायला सांगितलं. त्यांचा पुतण्या जोतीराम म्हणाला, "आमचा माणूस मरायला लागलाय आन् ही बाई थांबा म्हंती व्हय?" मरायला लागलेले पिराजी बाकावर बसून तंबाखू मळत होते. मी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पत्र्याचा बोर्ड होता: सरकारी कामात अडथळा आणल्यास कलम ३५३, दोन वर्षांपर्यंत कैद. सरकारने आम्हाला दिलेलं संरक्षण ते एवढंच. जोतीरामने तो वाचला (मोठ्याने, न अडखळता), भिंतीवरून उपटला आणि माझ्याच डोक्यात घातला.

पत्र्याला धार होती, त्याचाही पंजा कापला. मग एका हाताने डोकं दाबून मी दुसऱ्या हाताने त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. सुई बघून तो रडला. केसपेपरवर जखमेचं कारण काय लिहू म्हटलं, तर म्हणाला, "लिवा की, बोर्ड लागला." मी तसंच लिहिलं.

फौजदारांनी बोर्ड मुद्देमाल म्हणून नेला. नवा मागितला, तर भांडारातले कारकून म्हणतात, जुना जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. जुना मिळणार केस संपल्यावर. तोवर कायदा पोलीस ठाण्यात आणि आम्ही दवाखान्यात. भिंतीवर चार खिळे राहिलेत, त्यांना पेशंट पिशव्या अडकवतात.

त्या सकाळी सत्तेचाळीस केसपेपर निघाले होते. पोलिसांनी विचारलं तेव्हा निम्मे लोक नेमके लघवीला गेले होते आणि निम्मे नंतर आले होते. मोठे डॉक्टरही मिटवा म्हणतात. मामा, मी थकले आहे. डोकं आता दुखत नाही, पण दार आपटलं की हातातलं सोडून मी आधी मागे वळून बघते, आणि तोवर लहान मुलाची सापडलेली शीर हरवते. गुरुवारपर्यंत एकाने तरी जबाब दिला नाही, तर केस कागदावरच राहील असं फौजदार म्हणाले. मग पुढच्या बावीस जणांना मी कोणत्या तोंडाने थांबा म्हणू?

मामींना जय भीम सांगा.

तुमची भाची,
निशा

ता.क. केस मी मागे घेत नाही.

ता.क. २. सत्तेचाळिसातला एकोणिसावा केसपेपर तुमचा आहे. तुम्ही पिराजींच्या शेजारीच बसला होता आणि मी पडल्यावर मागच्या दाराने गेलात. पोलिसांना मी हे सांगितलेलं नाही. फार वाईट वाटलं होतं, रागही आला होता. पण तुम्हाला त्याच गल्लीत राहायचंय, हेही कळतं. गडबडीत तुमच्या शुगरच्या गोळ्या राहिल्या, त्या पत्रासोबत बिद्रीच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते. सकाळी जेवणाआधी एक. गुरुवारी अकराला पोलीस ठाण्यात या. उपाशीपोटी येऊ नका, तिथे फार वेळ बसवून ठेवतात.