धोती-चोटी

सोमवार, १ जुलै
प्रिन्सिपल मॅडमनी आज मला शाळेच्या गणवेश समितीचा प्रमुख नेमलं. व्हाइस प्रिन्सिपलची खुर्ची एप्रिलपासून रिकामी आहे. या दोन गोष्टींचा संबंध न कळायला मी काही खुळा नाही. मधुराला सांगितलं, आता मिसेस व्हाइस प्रिन्सिपल व्हायची तयारी ठेव. ती म्हणाली, आधी गॅस बुक करा.
संकल्प: रोज एक नियम. आठवड्यात शाळा सरळ.

मंगळवार, २ जुलै
नियम झाला नाही. चष्मा सापडत नव्हता. गॅस उद्या.

बुधवार, ३ जुलै, दुपारी
पहिली केस. अकरावीतली रुची शर्ट-पँट घालून आली. इथल्या काशीतल्या आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीतलीच. पाचवीपासून माझ्याकडे संस्कृत शिकते. गल्लीत मला काका म्हणते, शाळेत सर. ती सायकलचं कारण सांगेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण तिनं सायकलचं नावच काढलं नाही. म्हणाली, स्कर्टात मी दुसरीच कुणी वाटते सर, पँटमध्ये मी मी असते. कपाळ! तयार उत्तर वाया गेलं. सांगितलं, शुक्रवारपासून परंपरेला धरून कपडे घाल, नाहीतर शाळेतून नाव कापलं जाईल. तिचे डोळे भरले. मलाही कसंतरीच झालं. पण आता शेंडी तुटो की पारंबी तुटो.
तिच्याच वर्गातला वेणीमाधव केसांची चांगली वीतभर वेणी घालून आला होता. विचारलं तर म्हणतो, नावाला जागतोय.

शुक्रवार, ५ जुलै
रुची आजोबांचं धोतर नेसून आली. वर म्हणते, परंपरा तुम्हीच म्हणालात ना. टीचर्स रूममध्ये सगळे हसले. मीही हसलो, नाइलाजानं.
संध्याकाळी नियम लिहिला. वॉचमनलाही कळावा म्हणून सोप्या हिंदीत. पळवाट नको म्हणून ‘छात्रा’ न म्हणता सरसकट: ‘परिसर में कोई भी महिला धोती नहीं पहनेगी, कोई भी पुरुष चोटी नहीं रखेगा।’ यमकसुद्धा साधलं. पँटचं लिहायचं राहिलं, पण सुज्ञांस सांगणे न लगे. मधुरा म्हणाली, अहो, पण इकडे धोती म्हणजे... तिला तिथंच थांबवलं. चार पिढ्या काशीत गेल्या आमच्या, मला हिंदी शिकवू नकोस.

शनिवार, ६ जुलै
नोटीस लागली. मॅडमनी न वाचताच सही केली. विश्वास!

सोमवार, ८ जुलै, सकाळी साडेसात, गेटबाहेर
वॉचमन काशीनाथनं साडी नेसलेल्या सात मॅडम अडवल्यात. त्याच्या गावाकडे बायकांच्या साडीलाच धोती म्हणतात. त्याची आई म्हणे जन्मभर धोतीच नेसली. आठव्या प्रिन्सिपल मॅडम. त्याही उन्हात उभ्या. काशीनाथ हात जोडून त्यांना त्यांचीच सही दाखवतोय.
रुची पँटमध्ये आली. पँटबद्दल नोटीस काही बोलत नाही. ती आत.
मग माझा नंबर. काशीनाथनं नम्रपणे मला पाठमोरं व्हायला सांगितलं. हिंदीत वेणीही चोटी आणि माझी शेंडीही चोटीच की. मी बाहेर. वेणीमाधव आधीच बाहेर होता, त्यानं मला सावलीत जागा करून दिली.

तोच दिवस, संध्याकाळ
रुची गेटपर्यंत परत आली. तिनं काशीनाथला समजावलं की सरांची आहे ती चोटी नाही, शिखा आहे, आणि शिखेला नोटिशीत मनाई नाही. त्यानं विचार करून मला सोडलं. मॅडम आत आल्या त्या नोटीस फाडूनच.
समिती बरखास्त. रुचीला पँट चालेल, वेणीमाधवला वेणी. नवी नोटीस मॅडमनी रुचीकडूनच लिहून घेतली, एका ओळीची: ‘कपड़े साफ़ हों।’ शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिली होती. एकही चूक निघाली नाही. गणिताच्या बाई व्हाइस प्रिन्सिपल झाल्या.
शिखा हा शब्द तिला मीच शिकवला होता, पाचवीत. नोटीस लिहिताना मला तो आठवला नाही. जिला मी बाहेर काढायला निघालो होतो, तिनं मला आत घेतलं. लाज वाटली.
मधुरानं आठवण करायच्या आत मीच गॅस बुक केला.