अव्हंक्युलर व्याही

पारोळा, ८ मार्च १९८७

तीर्थस्वरूप नानांस, धाकट्या चुलत भावाचा, लोटनचा, शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? त्याच्यापायी तुम्हाला धुळ्याहून जळगावला, आपल्या भाचीच्या साखरपुड्याला येता आलं नाही, याची सगळ्यांना हुरहूर लागली. एरंडाचं पान गरम करून रोज बांधत चला, आठवड्यात खडखडीत व्हाल. स्थळ तुम्हीच जमवलेलं, तेव्हा तिथे काय घडलं ते तुम्हाला दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो.

मेहरूणला आपल्या बहिणीच्या, कुंदाअक्काच्या अंगणात सगळं सुरळीत चाललं होतं. मुलाचे वडील तोताराम आबा यांनी आपल्या भाचीला, प्रमीला, शेजारी बसवून स्वतःच्या हाताने पेढा भरवला, आणि लग्नानंतरही शीक म्हणाले. माझं मन भरून आलं. मुलीचा मामा, त्यात इंग्रजीचा मास्तर, त्यात त्याच आठवड्यात शब्दकोशात एक नवा शब्द सापडलेला. (नवं धोतर नेसलेला माणूस घरात बसत नाही.) मी उभा राहिलो आणि म्हणालो, आबांचा स्वभाव अव्हंक्युलर आहे. कोणालाच काही कळलं नाही आणि सगळे खूश झाले. तिथेच खाली बसलो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पण शब्द फळ्यावर लिहिला की अर्थ, उगम आणि वाक्यात उपयोग सांगितल्याशिवाय माझ्याने खडू खाली ठेववत नाही. अर्थ सांगितला : मायाळू, वडीलधारा. तो चालला. मग उगम : लॅटिन भाषेत आईचा भाऊ, म्हणजे आपला मामा. (इंग्रजांनी काका, मामा, मावसा सगळे एकाच अंकलमध्ये कोंबले, पण शब्दाच्या पोटात मामाच बसला आहे. हेही सांगितलं.) मग नवरदेवाकडे बोट करून वाक्यात उपयोग : ‘यांचे वडील अव्हंक्युलर आहेत.’

त्यांच्याकडच्या वना आजोबांनी नातं जुळवून पाहिलं आणि विचारलं, ‘म्हंजे आबा नवरदेवना मामा शेतस का?’ सगळ्यांच्या नजरा नवरदेवाच्या आईकडे, भागाबाईंकडे वळल्या. त्यांनी पदर सावरला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘मास्तर, तुमना गावमा बहीणसंगे लगीन करतस का?’ मी घाईघाईने म्हणालो, इंग्रजीत चालतं. त्यानंतर मला कोणी चहा दिला नाही.

सोयरीक टिकली, आबांची कृपा. पण लग्नात हा मास्तर मुलीच्या पाठीशी मामा म्हणून उभा राहणार नाही, अशी भागाबाईंची अट पडली आणि अक्काने ती मान्य केली. माझी काही तक्रार नाही. मागे बसून अक्षता टाकीन.

आपला,
लोटन

ता. क. वरची शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत. प्रमीला सायकलच्या दांडीवर बसवून मी शाळेत नेत असे. तिच्या पाठीशी मलाच उभं राहायचं आहे, नाना. त्या अटीमुळे जेवण जात नाही.

ता. क. २. अक्का म्हणते, लोटन नाही तर नाना उभे राहतील. तिसरा मामा आपल्या घरात नाही, आणि मामाशिवाय मुलगी बोहल्यावर चढत नाही हे भागाबाईंनाही माहीत आहे. तेव्हा ते एरंडाचं पान लग्न लागेपर्यंत कृपा करून बांधू नये.