सुरणाला फूल आलं

रान्नी, केरळ,
२४ एप्रिल

प्रिय एली,

इकडे सर्व ठीक. गुडघा जसा होता तसाच आहे. काळी गाय व्यायली, कालवड झाली. रबराचा चीक यंदा कमीच निघतोय.

परवाच तर फोन झाला, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण त्या फोनवर तुम्ही सगळे एकदम दिसता. जावई हात हलवतो, नातू जीभ काढून दाखवतो आणि माझं बोलणं हवापाण्यावरच संपतं. परवा आपली लिजी म्हणाली, दुसरं बाळ येतंय, तेव्हा अम्माला अजून दोन वर्षं इकडे ऑस्ट्रेलियात, पर्थलाच राहू दे. मी म्हणालो, राहू दे की. तू खाली बघून भाजी चिरत राहिलीस. त्याबद्दल मागाहून लिहितो, आधी गावची बातमी.

विहिरीमागच्या सुरणाला फूल आलं.

तू गेल्यापासून मी तो खणलाच नव्हता. तू होतीस तेव्हा कुंभ महिन्याची पौर्णिमा आली की कोयता घेऊन बसायचीस. कुंभात लावला तर घागरीएवढा, पुढच्या मीन महिन्यात लावला तर माशाच्या डोळ्याएवढा, हे दर वर्षी मला नव्याने ऐकवायचीस. प्रत्येक फोडीला कोंबाचा तुकडा आला पाहिजे म्हणून ओरडायचीस, आणि मी निमूटपणे फोडी शेणकाल्यात बुडवायचो. एकट्या माणसाने सुरण कशाला काढायचा? एक गड्डा कापला की दहा माणसं जेवायला बसवावी लागतात. मी आपला पेजेवर आणि शेजारची शोशाम्मा कधीमधी देईल त्या कालवणावर भागवतो. तो राहिला जमिनीत, चांगला माजला, आणि यंदा पानाऐवजी घमेल्याएवढं जांभळं फूल घेऊन वर आला.

त्याचा वास तुला माहीत आहे. मेलेलं जनावर परवडलं. माझं नाक सर्दीने चोंदलेलं, मला पत्ताच नाही. शुक्रवारी दुपारी गोठ्यामागे गवत कापून परत येतो तो अंगणात ही गर्दी. शोशाम्मा नाकाला टॉवेल लावून उभी, आणि तिचा नवरा वर्क्की कोयत्याने आपल्या खिडकीची कडी उचकटतोय.

"तीन दिवस दिवा दिसला नाही, मी तेव्हाच म्हणाले होते," शोशाम्मा रडत होती.

"मग येऊन बघायचं होतंस. नुसतं तोंड चालवायचं."

"मी काय बघणार होते? आधी फादरना कळवा."

"आधी आत तर जाऊ दे. पर्थला फोन करावा लागेल. एलीचेची येईपर्यंत बर्फात ठेवावं लागणार."

मी मागून विचारलं, "कुणाला ठेवताय बर्फात?"

शोशाम्मा मटकन खाली बसली. वर्क्कीच्या हातातला कोयता पडला. मग तो माझ्यावरच उखडला, "अहो चाक्कोच्चाया, जिवंत आहात तर तसं सांगायला काय झालं होतं?"

दिवा दिसला नाही कारण व्हरांड्यातला बल्ब गेलाय, आणि स्टुलावर चढायला तू मला बंदी केली आहेस.

मग वासामागे जाऊन त्यांनी फूल शोधलं, तोडून लांब पुरलं. वर्क्कीने फुलाच्या बाजूचे दोन गड्डे खणून काढले. शोशाम्माने हळद घालून सुरण उकडला, कांदारी मिरचीची चटणी वाटली, आणि सगळे व्हरांड्यात बसून जेवले. हाताला तेल न लावता मी गड्डे सोलायला बसलो, त्यामुळे बोटं अजून खाजताहेत. अक्षर वाकडं आलं असेल तर त्यामुळे. वर्क्की माझ्या मरणाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता आणि सगळ्यांत जास्त मीच हसत होतो. शोशाम्मा भांडी घासून, पालथी घालून गेली. मग घर इतकं रिकामं झालं की मी गोठ्यात जाऊन बसलो.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही, एली. ते घाबरले होते, रडले होते. पण आश्चर्य कुणालाच वाटलं नव्हतं. चाक्को असाच जाणार आणि ते वासावरूनच कळणार, हे त्यांनी मनात कधीच धरून ठेवलं होतं. खरं सांगतो, मीही धरलं होतं.

परवा मी 'राहू दे' म्हणालो ते खोटं होतं. लिजीला तू हवी आहेस हे कळतं मला, तिच्यावर रागावू नकोस. पण मलाही तू हवी आहेस. लग्नाला एवढी वर्षं झाली, हे बोलायची वेळ आली नाही, कारण तू घरातच असायचीस. मला एकट्याला राहवत नाही. फोनवर सगळ्यांसमोर हे माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून तूच लिजीला हे पत्र वाचून दाखव.

बाळंतपण कर, बाळाला न्हाऊमाखू घाल, आणि मग ये. बर्फ आणायची वेळ येण्याआधी ये.

तुझा,
चाक्को