धर्माचा रकाना

१८ जानेवारी १९३१, रविवार

गेरूने दारावर आकडा काढून गेला मुन्शी. गणती! सगळ्या हिंदुस्थानात डोकी मोजतायत म्हणे, त्यात आमचीही. हात लांब करकरून कुंचला फिरवत होता. दार विटाळेल की तो, त्यालाच ठाऊक. बापूने खाट झटकून पुढे केली.

"राहू दे रुलदा, उभाच बरा आहे."

तरी बापू हात जोडून हसतोय! माझा बाप साठ वर्षांचा, आणि कुणीही यावं, हा हसणार. मला त्या हसण्याचाच संताप येतो.

मुन्शी लभाया म्हणजे शाळेचा मास्तर. लहानपणी यानेच मला दाराबाहेर चपलांपाशी बसवून अक्षरं शिकवली. त्याच अक्षरांत आज त्याला शिव्या लिहितोय. फिटली गुरुदक्षिणा.

संध्याकाळी जालंधरहून आपल्याच समाजाचे दोघे प्रचारक आले. लाल पगड्या, ताठ माना. बापू वस्तीचा चौधरी, म्होरक्या, म्हणून अख्खी वस्ती आमच्याच अंगणात बसली. त्यांनी सांगितलं, यंदा धर्माच्या रकान्यात आपलं आपलं नाव लिहिता येणार. हिंदू नाही, शीख नाही, मुसलमान नाही — आद धर्मी. या मातीतले पहिले लोक. "आजवर तुम्हाला दुसऱ्यांच्या पोत्यात भरून मोजलं. लाहोरच्या कौन्सिलात जितकी डोकी तितक्या खुर्च्या. तुमची डोकी त्यांच्या खात्यावर आणि खुर्च्याही त्यांच्याच!"

तांब्यातल्या पाण्यात एकेकाने मीठ टाकलं. शब्द मोडेल तो असाच विरघळेल. सगळ्यांत शेवटी बापूने टाकलं. चिमूट किती वेळ बोटांतच धरून बसला होता.

२१ जानेवारी

चौपालावरून, गावच्या चावडीवरून चाललो होतो. नंबरदार, म्हणजे गावचा पाटीलच, जैमल सिंग खाटेवर पसरलेला, भोवती पाच-सहा टाळकी.

"ए मेहंग्या! धर्म काढलास म्हणे नवा?"

"नवा नाही सरदारजी, जुनाच आहे. सगळ्यांत जुना."

"बघा! चमाराच्या तोंडाला आता इतिहास फुटला! उद्या म्हणशील, जमीनही आमचीच."

"होतीच," मी म्हणालो.

जैमल उठून बसला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "तू उभा कुठे आहेस? माझ्या जमिनीवर. तुझं घर कुठे आहे? गावाच्या जमिनीवर. तुझी बायको सकाळी बसते कुठे? माझ्या शेतात. मग धर्म तेवढा तुझा स्वतःचा कसा रे?"

उत्तर आता सुचतंय. घरी बसून सगळ्यांनाच सुचतं.

२३ जानेवारी

शेतं बंद!

काल सकाळी दवंडी पिटली. आमच्या माणसाने बांधावर पाय ठेवायचा नाही. मजुरी नाही, गवताची काडी नाही, ऊस सोलायला जाणं नाही. तलावाची वाट बंद, दुसऱ्या गावाला जायची पायवाटही बंद, कारण ती जैमलच्या उसातून जाते. प्रत्येक बांधावर लाठ्या घेऊन पोरं उभी. ओठ पिळला तर दूध निघेल, पण आमच्या म्हाताऱ्यांना अरे-तुरे करतायत.

पुरुषांचं कसंही होतं. बायकांनी जायचं कुठे? गोधड्या धरून आडोसा करतात आणि वस्तीच्या मागच्या उकिरड्यावर बसतात. पोरं लांबून शिट्या मारतात. माझ्या बायकोला, इसरीला, नववा महिना लागलाय. दोघी जणी धरून तिला नेतात. परत आली की भिंतीकडे तोंड करून पडते. मी काय विचारू?

आणि तरी यांची ढोरं मेली की ओढायला आम्हीच हवे! काल जैमलचा बैल मेला. दोन निरोप आले. एकही माणूस गेला नाही. पडू दे, कुजू दे. वारा आज त्यांच्याच घरांकडे आहे.

२५ जानेवारी

वस्तीतल्या बंताची म्हैस चाऱ्यावाचून दिवसभर हंबरत होती.

२९ जानेवारी

आज बापूशी वाजलं. चामडं खरवडत बसला होता. बाभळीच्या सालीने त्याचे हात कोपरापर्यंत काळे. म्हणतो, "जैमलच्या पणजोबाने गाव वसवलं, तेव्हा आपल्या पूर्वजांतल्या दोघा भावांना बरोबर आणलं. ढोरं ओढायला. आणि ती मोठी विहीर खणली त्यांनी."

"मग विहीर आपली का नाही?"

"विहीर खणणाऱ्याची नसते पोरा. पिणाऱ्याची असते."

हाच तो! असलं काही ऐकलं की माझं डोकं भडकतं. मी म्हणालो, "कुणी आणलं-बिणलं नाही आपल्याला. आपण आधीपासून इथेच होतो. हे मागून आले. आपली राज्यं होती!"

"कुणी पाहिली?"

"जालंधरची माणसं सांगत होती."

"त्यांनी पाहिली?"

"जैमलच्या पणजोबाला तरी तू पाहिलंस का?"

बापूचा हात थांबला. विचार करून म्हणाला, "नाही रे. तेही खरंच." आणि पुन्हा खरवडायला लागला. भांडताही येत नाही याच्याशी!

मला म्हणे राज्यं होती. आणि आज मला बांध ओलांडता येत नाही.

२ फेब्रुवारी

बंता फुटला.

दुपारी चौपालावर जाऊन जैमलच्या पायांवर पगडी ठेवली. संध्याकाळी भारा भरून चारा डोक्यावर घेऊन आला. वस्तीच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत! गणतीला 'हिंदू' सांगणार म्हणे.

मी त्याच्या दारात जाऊन थुंकलो.

"मीठ टाकलं होतंस ना रे? विरघळलास की!"

तो भांडायला आला नाही. म्हशीपुढे चारा पसरत म्हणाला, "मेहंग्या, तुला पोरं नाहीत अजून. माझ्या तिघांचं पोट हिच्या सडांवर आहे. तुझी राज्यं आली की मला बोलाव. तोवर थुंक."

भ्याड! भ्याडाकडे कारण नेहमी तयार असतं. पोरं, म्हैस, पोट. पिढ्यान् पिढ्या आम्ही याच कारणांवर विकले गेलो. त्याच्या एका डोक्याची किंमत किती — चाऱ्याचा एक भारा! रात्री त्याच्या घरून लस्सीचं मडकं आलं, इसरीसाठी. मी उकिरड्यावर ओतलं.

इसरी एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतंत तर."

३ फेब्रुवारी

आणखी दोन घरं गेली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बापूला जैमलच्या हवेलीतून बाहेर पडताना पाहिलं.

डोळ्यांनी पाहिलं! मान खाली, हात मागे, भिंतीला धरून चालत होता. दिवेलागणीला घरी आला. मी दारातच उभा राहिलो.

"कुठे होतास?"

"इथेच. फिरत होतो."

"हवेलीत?"

आत जाऊन पालथा पडला. जेवणही नको म्हणाला. मक्याची अर्धी भाकरी तशीच राहिली. दुसऱ्या कुठल्या घरात आज अर्धी भाकरी उरली असेल? तिथे पोट भरून आला असणार. गूळ-ताक मिळालं असेल.

म्हणजे हाही! बंताकडून मला आशा नव्हती. पण माझा बाप? जन्मभर त्या हवेलीची ढोरं ओढली, वेठ केली, जोडे शिवले, एकदाही मान वर केली नाही. एका शब्दापुरती तरी पाठ ताठ राहील असं वाटलं होतं. मीच मूर्ख. मीठ टाकताना त्याची बोटं का थांबली होती, ते आता कळलं. याचंच रक्त माझ्यात आहे, याची मला किळस येते. होय, लिहितो. किळस!

जालंधरच्या माणसांना काय सांगू? वस्तीच्या चौधरीनेच पाया खचवला?

८ फेब्रुवारी

दोन दिवस बापूशी बोललो नाही. आज दुपारी त्याच्याच समोर, त्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "काही लोकांना गुलामीची चव लागलेली असते, सुटत नाही." बापू उठून बाहेर गेला.

इसरी भिंतीला टेकून बसली होती. हातात हळदतेलाची वाटी.

"तोंड आवरा जरा."

"का? खोटं बोललो?"

"बापूंची पाठ पाहिलीत? नाही ना? मी पाहिली. काल तेल लावलं. जोड्यांनी मारलंय. कातडी सोलवटलीय."

मग तिनेच सगळं सांगितलं.

इसरीची पहिली खेप वाया गेली होती. मूल आडवं आलं होतं. तेव्हा पलीकडच्या नंगल गावच्या फज्जां दाईने तिला वाचवलं. फज्जां यायची तर वाट जैमलच्या उसातून. बापू हवेलीत गेला होता तो तेवढंच मागायला — सुनेची वेळ आली की दाईला येऊ द्या. जैमल म्हणाला, चार माणसांत 'हिंदू' म्हण, आत्ता वाट उघडतो. बापू म्हणाला, तेवढं सोडून काहीही सांगा. तेव्हा त्यांनी त्याला उपडा पाडला.

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"तुम्ही लाठी घेऊन धावला असतात म्हणून. म्हणाले, एकाचीच पाठ पुरे."

संध्याकाळी बापूच्या शेजारी जाऊन बसलो. तोच म्हणाला, "थंडी कमी झाली रे." मी हो म्हणालो. बस, एवढंच.

१० फेब्रुवारी

मुन्शीचा निरोप आला. परवा येतोय, घरोघर विचारून लिहायला. बरोबर नंबरदारही असणार, 'देखरेखीला'!

येऊ दे! आता मला कुणाची भीती नाही. बापूसारखा हळू नाही बोलणार मी. असा ओरडून सांगेन की लाहोरला ऐकू जाईल. वस्तीत उरलेल्या घरांतून फिरून आलो. सगळ्यांना बापूची पाठ सांगितली. डळमळणारी दोन माणसं पुन्हा उभी राहिली. बंताच्या दारावरून गेलो, आत पाहिलंही नाही.

११ फेब्रुवारी

पहाटेपासून इसरीला कळा येतायत. वस्तीतल्या बायका आहेत जवळ. दुपारी मी वाटेवर जाऊन पाहिलं. उसाच्या तोंडाशी चार लाठ्या. एकाचं डोकं फोडता येईल, चौघांचं नाही. लांबच्या कालव्यावरून गेलो, तिथेही बसलेत. पोरगं म्हणालं, "काय मेहंगा, आज घाई?"

१२ फेब्रुवारी

मूल आडवं होतं. मुन्शी आला तेव्हा इसरीचा आवाज बसला होता. जैमल पायवाटेकडे पाठ करून उभा. बापूला आधी विचारलं. "आद धर्मी," तो म्हणाला. मग मला.

मी हिंदू म्हणालो.

तासाभरात फज्जां आली. दोघी जगल्या. मुलगी आहे. जाता जाता मुन्शीने दारातून विचारलं, "नवीन डोकं आहे ना?" आणि माझ्या ओळीखाली तिची ओळ लिहून घेतली.

अजून नाव ठेवलेलं नाही तिचं. धर्म लागला.